आफ्रिकेच्या अभ्यासकांचा माजी विद्यार्थी संघ: पार्श्वभूमी आणि कोल्हापूरचा धागा

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ सुरू झालं. पुढच्याच महिन्यात, घानाच्या अक्राजवळ लेगॉन इथं आफ्रिकेच्या अभ्यासकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. उद्घाटनाला घानाचे राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा आले होते. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण आस एकच होती. आपल्या मातीचा अभ्यास आपल्या मातीत व्हावा. आफ्रिकेचा अभ्यास केलेल्या, देशोदेशी पांगलेल्या माजी विद्यार्थ्यांचा संघ बांधायचा तर सुरुवात इथूनच करायला हवी.

तोवर आफ्रिकेचा अभ्यास मुख्यतः आफ्रिकेबाहेर चालायचा. लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेच्या नावात १९३८ मध्ये ‘आफ्रिका’ आलं. नेदरलँड्समध्ये लायडनचं केंद्र १९४७ चं, अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचं १९४८ चं. साहजिकच अभ्यासकांच्या ओळखी, पत्ते, शिफारशी याच गावांतून फिरत. आफ्रिकेतला माणूस माहिती पुरवायचा, प्रबंधावर नाव दुसऱ्याचं लागायचं. या रागाचा स्फोट १९६९ मध्ये अमेरिकेतल्या आफ्रिका-अभ्यासकांच्या संघटनेच्या माँट्रियल अधिवेशनात झाला. कृष्णवर्णीय अभ्यासकांनी कामकाज रोखून धरलं आणि निर्णयात बरोबरीचा वाटा मागितला. १९७३ मध्ये सेनेगलमधल्या डाकारला आफ्रिकेतल्या समाजशास्त्रज्ञांची स्वतःची परिषद, ‘कोडेस्रिया’, उभी राहिली. माजी विद्यार्थ्यांचं आंतरराष्ट्रीय जाळं विणायचं तर हा इतिहास विसरून चालणार नाही. अभ्यासकांच्या नावा-पत्त्यांची यादी कोणाच्या हातात, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

भारतात दिल्ली विद्यापीठात आफ्रिका अभ्यास विभाग १९५५ मध्ये, तर मुंबई विद्यापीठात केंद्र १९७१ मध्ये सुरू झालं. शिष्यवृत्तीवर आफ्रिकेतून मुलंही येत राहिली. मलावीचे बिंगू वा मुथारिका दिल्लीत अर्थशास्त्र शिकले आणि २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. २०१५ च्या भारत-आफ्रिका शिखर परिषदेत पाच वर्षांत ५०,००० शिष्यवृत्त्यांची घोषणा झाली. मुलं आणायची व्यवस्था आपण केली. ती परत गेल्यावर कुठे आहेत हे विचारायची मात्र फारशी केली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुंबईत शिकताना माझ्या शेजारच्या खोलीत टांझानियाचा एक मित्र होता. त्याचा पत्ता माझ्या डायरीत अजून आहे: पी. ओ. बॉक्स, एक आकडा, दार-ए-सलाम. गल्ली नाही, घर नंबर नाही. तिकडे टपाल सहसा घरपोच येत नाही, पेटीतून आणावं लागतं. ती पेटी त्याच्या ऑफिसची होती. त्यानं नोकरी बदलली आणि माझं तिसरं पत्र परत आलं. पुढे विद्यापीठाच्या ईमेलचंही तेच झालं. पदवी हातात पडली आणि खातं बंद.

कोल्हापूरकराला नाळ टिकवणं नवं नाही. १९०१ पासून शाहू महाराजांच्या आधारानं इथं जातीजातींची, धर्माधर्मांची बोर्डिंगं उभी राहिली. दसरा चौकात त्यातल्या काही इमारती आजही दिसतात. इथल्या जैन बोर्डिंगात राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्यात बोर्डिंग उभारून त्याला शाहू महाराजांचंच नाव दिलं. माजी विद्यार्थ्यानं घेतलेलं पुढच्याला द्यावं, ते असं.

याच मदतीचा एक धागा आफ्रिकी वंशाच्या अभ्यासकांपर्यंत जातो. लंडनच्या शिक्षणासाठी शाहू महाराजांनी हात दिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. ड्यू बॉइस यांनी उत्तर दिलं. तेच ड्यू बॉइस १९६१ मध्ये आफ्रिकेचा ज्ञानकोश करायला घानाला गेले आणि १९६३ मध्ये अक्रातच वारले.

आज कॉलेजांत माजी विद्यार्थी संघ नोंदवले जातात ते बऱ्याचदा कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या ‘नॅक’ची समिती येणार म्हणून. वर्षातून एक मेळावा, फेटे, ग्रुप फोटो. आफ्रिकेच्या अभ्यासकांना त्यापेक्षा साधी गोष्ट हवी आहे: नैरोबीच्या दप्तरखान्यात कोणाला भेटायचं, स्वाहिली मजकूर कोण तपासून देईल, हे विचारायला माणूस. त्यासाठी पहिलं काम ‘नो ड्यूज’च्या, म्हणजे कॉलेज सोडताना काही देणं बाकी नसल्याचा दाखला मिळतो त्या, खिडकीवरच करता येईल. सही-शिक्का देताना मुलाचा स्वतःचा ईमेल, घरचा फोन आणि प्रबंधाचा विषय लिहून घ्यायचा, आणि त्या वहीची एक प्रत त्याच्याही हाती द्यायची.