सेंट लुईस नदीच्या मुखाचं संवर्धन नियोजन

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या लेक सुपिरियर या प्रचंड तलावाला अमेरिकेच्या बाजूने मिळणारी सगळ्यात मोठी नदी म्हणजे सेंट लुईस. ती तलावाला मिळते तिथे एका काठाला मिनेसोटातलं डुलुथ आणि समोर विस्कॉन्सिनमधलं सुपिरियर, अशी दोन बंदराची शहरं आहेत. मुखाचा भाग साधारण १२,००० एकरांचा. पाणी पूर्ण गोडं, तरी याला समुद्राला मिळणाऱ्या नदीच्या मुखासारखं (एस्च्युरी) धरतात, कारण वारा आणि हवेचा दाब बदलला की अख्खा तलाव टबातल्या पाण्यासारखा हेलकावतो, त्याला सेश म्हणतात, आणि मग बंदरातली पातळी वरखाली होत राहते, तलावाचं पाणी नदीत शिरतं, कधी कधी तर प्रवाहच उलटा फिरतो.

या पाण्याचे हाल फार झाले. आधी लाकडाच्या गिरण्या आल्या, मग पोलाद, कागद, धान्य आणि लोखंडाच्या खनिजाची जहाजं, आणि शहरांचं सांडपाणी तर होतंच. १९७१ मध्ये सांडपाण्यासाठी वेस्टर्न लेक सुपिरियर सॅनिटरी डिस्ट्रिक्ट स्थापन झालं, १९७८ ला त्यांचा मोठा शुद्धीकरण प्रकल्प सुरू झाला आणि पाणी बरंच सुधारलं, पण तळाचा दूषित गाळ तसाच राहिला. १९८७ मध्ये ग्रेट लेक्सवरच्या (सुपिरियर धरून पाच मोठे तलाव) ४३ चिंताजनक क्षेत्रांत, म्हणजे प्रदूषणाने फार बिघडलेल्या जागांच्या यादीत, या नदीचं नाव आलं.

खरी अडचण अशी की नदी एक आणि मालक अनेक. दोन राज्यं, दोन शहरं, केंद्राची खाती, बंदर, कारखाने, आणि या सगळ्यांच्या आधीपासून इथे असलेले ओजिब्वे लोक, ज्यांच्या फॉन डू लॅक बँडची (त्यांच्यातला एक गट) राखीव जमीन नदीवर थोडी वरच्या अंगाला आहे. प्रत्येकाने आपापला तुकडा साफ करून भागत नाही, कारण मासा अंडी घालतो एकीकडे आणि वाढतो दुसरीकडे. म्हणून २००२ चा लोअर सेंट लुईस रिव्हर हॅबिटॅट प्लॅन, म्हणजे नदीच्या खालच्या भागातल्या अधिवासांचा आराखडा, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो नागरिकांच्या समितीने पुढे नेला (तीच पुढे सेंट लुईस रिव्हर अलायन्स झाली), आणि त्यात राज्याची सीमा बाजूला ठेवून उथळ खाड्या, दलदल, वाळूचे पट्टे असं सगळं मुख एकत्र धरलं होतं. २०१० पासून विस्कॉन्सिनच्या बाजूला लेक सुपिरियर नॅशनल एस्च्युरीन रिसर्च रिझर्व्ह हे संशोधनासाठी राखलेलं क्षेत्र पण आहे, त्यामुळे निरीक्षणाची माहिती सातत्याने मिळते.

एकत्र प्लॅनिंगचा फायदा काय होतो ते मुखातल्याच ग्रासी पॉइंटला दिसतं. तिथे जुन्या गिरण्यांचा भुसा आणि लाकडाचे तुकडे पाण्याखाली कित्येक फूट साचलेले, त्यावर काही धड उगवेना. जवळच्याच किंग्सबरी बेमध्ये उलटी तक्रार, ओढ्याने आणलेल्या गाळाने खाडी भरून उथळ झालेली. मग दोन्ही कामं जोडली, किंग्सबरीतला चांगला गाळ उपसला आणि ग्रासी पॉइंटला लाकडाचा कचरा काढून तिथे वापरला. वेगवेगळ्या फायलींत असती तर एकाने गाळ फेकला असता आणि दुसऱ्याने बाहेरून विकत आणला असता!

नदीच्याच रुंद भागातल्या स्पिरिट लेकचं काम वेगळ्या जातीचं, तिथे यू. एस. स्टीलच्या जुन्या कारखान्याचा विषारी गाळ होता आणि साफसफाईचा खर्च कंपनी आणि केंद्र सरकारने वाटून घेतला. तिथलं स्पिरिट आयलंड ओजिब्वेंच्या स्थलांतराच्या कथेतला पवित्र मुक्काम, ते बेट फॉन डू लॅक बँडने २०११ मध्ये परत विकत घेतलं.

त्या कथेत लोकांना सांगितलेलं असतं की पाण्यावर अन्न उगवतं तिथवर जा. ते अन्न म्हणजे मनोमिन, जंगली भात. २०१५ पासून तो खाड्यांमध्ये पुन्हा पेरतायत, राज्यांची खाती, बँड आणि मिनेसोटा लँड ट्रस्ट ही संस्था मिळून. भात पाण्यावर आडवा तरंगायला लागतो तेव्हाच कॅनडा गीज (रानहंस) कोवळी पात खाऊन टाकतात, पाणी जास्त चढलं तरी रोप टिकत नाही. म्हणून कुंपणं घालावी लागतात, पुन्हा पुन्हा पेरावं लागतं, आणि हे काम दोन्ही राज्यांच्या बाजूंनी एकदमच करावं लागतं, एका काठाने हाकललेले पक्षी समोरच्या काठावर जाऊन तेच करतात.