चांगल्या तुकड्यापासून सुरुवात

सिडनी बंदराच्या काठाने जंगलाचे काही पट्टे शहराच्या विळख्यातून वाचले आहेत. १९६०च्या दशकात आयलीन आणि जोन ब्रॅडली या दोघी बहिणी तिथे नेमाने फिरायला जात आणि जाता जाता हाताला येईल ते परकं तण उपटत. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की, जिथे तण सरसकट कापून जमीन मोकळी केली जाते तिथे ते पुन्हा जोमाने उगवतं. पण जिथे एकेक रोप अलगद काढलं जातं तिथे मूळची झाडं परतू लागतात. या निरीक्षणांतून त्यांनी बसवलेली पद्धत १९७१ साली प्रसिद्ध झाली. ऑस्ट्रेलियात आजही जंगल राखणारे स्वयंसेवक तिच्याच आधाराने काम करतात.

पद्धत तीन नियमांत मावते. सुरुवात सर्वांत चांगल्या तुकड्यापासून करायची आणि तिथून खराब भागाकडे सरकायचं. माती कमीत कमी हलवायची, बाजूला सारलेला पालापाचोळा पुन्हा जागच्या जागी पसरायचा. तिसरा नियम पाळायला सर्वांत कठीण: मूळची रोपं ज्या वेगाने जागा भरून काढतील त्याच वेगाने तण काढायचं, त्याहून जास्त नाही.

पहिला नियम ऐकून नवा माणूस बुचकळ्यात पडतो. समोर घाणेरीने गिळलेला अख्खा उतार असताना, जिथे सगळं ठीक चाललंय तिथे वेळ का घालवायचा? कारण चांगल्या तुकड्यात जंगलाची स्वतःची यंत्रणा अजून शाबूत असते. तिथे बी देणारी झाडं आहेत, ते पसरवणारे पक्षी आणि मुंग्या आहेत, मुळांना अन्न-पाणी पुरवणाऱ्या बुरशीचं जाळं आहे. अशा ठिकाणी तणाची पाच-दहा रोपं काढली की उरलेलं काम जंगल करतं. घाणेरीच्या उतारावर तेवढ्याच श्रमात जेमतेम एक खड्डा मोकळा होतो, आणि तो भरायला शेजारी घाणेरीच तयार असते.

माती न हलवण्याचं कारण मला त्याहूनही सुंदर वाटतं. जमिनीत झोपलेल्या बियांचा मोठा साठा असतो. त्यांतल्या अनेक बिया, विशेषतः बारीक बिया, प्रकाश मिळाल्याशिवाय रुजत नाहीत. त्यांच्यात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं आणि ते प्रकाशाचा केवळ उजेड पाहत नाही, त्याचा रंगही तपासतं. हिरवी पानं तांबडा प्रकाश शोषून घेतात, पण त्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारा गडद तांबडा प्रकाश खाली जाऊ देतात. हे प्रमाण बदललेलं दिसलं की डोक्यावर दुसऱ्या झाडांचं छत आहे हे बीला समजतं आणि ते थांबून राहतं. कुदळीने माती उलथली, छत काढून टाकलं की वर्षानुवर्षं थांबलेल्या असंख्य बियांना एकाच वेळी निघण्याचा इशारा मिळतो. मोकळ्या, उन्हात तापलेल्या जमिनीवर सर्वांत वेगाने वाढतं ते तणच.

बिया किती काळ थांबू शकतात, याचा प्रयोग १८७९ पासून चालू आहे. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने २१ प्रकारच्या वनस्पतींच्या प्रत्येकी ५० बिया वाळूत मिसळून अशा २० बाटल्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एक बाटली काढायची आणि काय रुजतं ते बघायचं. २०२१ साली बाटली काढली ती रात्रीच्या अंधारात, कारण चुकून पडलेला प्रकाशही बियांना जागं करू शकला असता. सुमारे १४० वर्षांनंतरही त्यांतल्या काही बिया रुजल्या. त्या होत्या व्हर्बास्कम या रानफुलाच्या. एका रविवारी शंभर माणसं जमवून अख्खी टेकडी साफ करण्याच्या मोहिमेबद्दल मला नेहमी धास्ती वाटते ती यामुळेच. तेवढीच माणसं वर्षभर चार-चारच्या गटाने येत राहिली, तर त्याच जागेचं कितीतरी अधिक भलं होतं.

अर्थात मातीतला मूळचा साठाच संपला असेल तर वाट बघून भागत नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडजवळचं तिरितिरी मातांगी हे सुमारे २२० हेक्टरचं बेट दीर्घकाळ गुरामेंढरांनी चरून उघडं पडलं होतं. १९७१ नंतर चराई थांबली, तरी दाट गवत आणि नेच्यांखाली झाडांची रोपं फारशी वर येईनात. मग १९८४ ते १९९४ या काळात स्वयंसेवकांनी तिथे अडीच लाखांहून अधिक झाडं लावली. आज तिथे दुर्मीळ ताकाहे पक्षी मोकळेपणाने फिरतात. लावायचं की थांबायचं, हे त्या त्या जागेच्या मातीकडे बघून ठरवावं लागतं. तयार रोपांची गाडी आली आहे म्हणून खड्डे खणायला घेणं हे मात्र कुठल्याच जंगलाच्या हिताचं नाही.

साफसफाईबद्दलही एक सांगायला हवं. प्लास्टिक आणि काच उचलावी, सगळीच्या सगळी. पण वठलेलं झाड, पडलेला ओंडका, कुजणारी फांदी ही घाण नसते. फिनलंडच्या जंगलांतल्या साधारण २० ते २५ टक्के प्रजाती मेलेल्या लाकडावर अवलंबून आहेत, असा तिथल्या अभ्यासकांचा अंदाज आहे: बुरश्या, भुंगेरे, ढोलीत राहणारे पक्षी.

राखीव जागेत केवळ आनंदासाठी फिरणाऱ्यांकडे काही जण जरा कमी लेखून बघतात. मला हे पटत नाही. जो आनंदासाठी येतो तो पुन्हा पुन्हा येतो, आणि त्या पुन्हा येण्यातूनच मोजमाप शक्य होतं. ब्रिटनमध्ये १९७६ पासून चालू असलेली फुलपाखरांची गणना मुळात एक साधी फेरी आहे. अर्नी पोलार्ड या शास्त्रज्ञाने तिला शिस्त लावली. ठरलेली एकच वाट, एप्रिल ते सप्टेंबर दर आठवड्याला एकदा, संथ आणि एकसारख्या चालीने. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि समोर पाच मीटर, एवढ्याच टप्प्यातली फुलपाखरं मोजायची. वेळ पावणेअकरा ते पावणेचारच्या दरम्यानची, आणि तापमान १३ अंशांच्या खाली असेल तर मोजायचंच नाही, कारण थंडीत फुलपाखरू पंख हलवण्याइतकंही तापत नाही. असून दिसलं नाही तर नोंद खोटी ठरते.

नियम जाचक वाटतील, पण त्यांच्यामुळेच एका निवृत्त शिक्षकाची या वर्षीची नोंद तीस वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच कुणाच्या नोंदीशेजारी ठेवता येते. आणि काहीही दिसलं नाही त्या दिवशी शून्य लिहायचं. नवखे लोक कंटाळून ते लिहीत नाहीत. मात्र एखादी जात नाहीशी होते आहे हे कळतं ते अशा शून्यांच्या रांगेतूनच.

अशा चिकाटीचं सर्वांत हादरवणारं फळ २०१७ साली जर्मनीतून आलं. क्रेफेल्ड या शहरात हौशी कीटक अभ्यासकांची १९०५ मध्ये स्थापन झालेली एक संस्था आहे. तिच्या सदस्यांनी १९८९ ते २०१६ या काळात ६३ संरक्षित ठिकाणी एकाच पद्धतीचे तंबूसारखे सापळे लावले आणि त्यांत आलेल्या उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन नोंदवून ठेवलं. २७ वर्षांत ते वजन ७५ टक्क्यांहून अधिक घटलं होतं. नुसत्या हवामानाने किंवा त्या जागांमधल्या झाडोऱ्याच्या बदलाने या घटीचा उलगडा होत नव्हता. लक्षात घ्या, या सगळ्या राखीव जागा होत्या. भोवतालच्या शेतीचा परिणाम कुंपण अडवू शकत नाही, अशी शंका तेव्हापासून बळावली. ती शंका घ्यायला आकडे हाताशी होते, कारण काही माणसं हौसेने दर उन्हाळ्यात सापळे लावायला जात राहिली.

आपल्या येण्याचाही भार पडतो, हेही खरं. पायदळी तुडवण्यावरच्या अभ्यासांत एक गोष्ट वारंवार दिसते: कोऱ्या जागेवर पहिल्या थोड्या पावलांनीच सर्वाधिक नुकसान होतं, पुढची पावलं त्यात तुलनेने कमी भर घालतात. म्हणून वहिवाटीची पायवाट चिखलाची असली तरी तिच्यावरूनच जावं. बाजूच्या गवतातून गेलेले दहा जण दहा नवे चट्टे पाडतात. कुत्रा बरोबर आणणाऱ्यांसाठी तर आणखी स्पष्ट पुरावा आहे. सिडनीभोवतालच्या जंगलात झालेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोरीने बांधलेला कुत्रा नुसता नेला तरी त्या वाटेवर दिसणाऱ्या पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी कमी झाली. एकट्या माणसाने पडणारा फरक याच्या निम्म्याहूनही कमी होता.

बुटांच्या तळव्याला चिकटलेली मातीही निरुपद्रवी नाही. न्यूझीलंडचे विशाल कौरी वृक्ष फायटोफ्थोरा गटातल्या एका सूक्ष्मजीवामुळे मुळांपासून कुजून मरतात, आणि चिमूटभर ओल्या मातीतून तो एका झाडाकडून दुसऱ्याकडे पोहोचतो. कौरीची मुळं जमिनीलगत दूरवर पसरतात, त्यामुळे चालणाऱ्याचा पाय नेमका त्यांच्यावरच पडतो. २०१८ साली ऑकलंडजवळच्या वायटाकरे डोंगरातलं जंगल लोकांसाठी जवळजवळ बंद करावं लागलं. नंतर काही वाटा टप्प्याटप्प्याने उघडल्या त्या मुळांवरून उचललेल्या फळ्यांच्या मार्गांसह, आणि वाटेच्या तोंडाशी बूट घासून निर्जंतुक करायची सोय करून. आत जाताना एकदा आणि बाहेर पडताना पुन्हा एकदा, असं दोन्ही वेळा बूट साफ करणं तिथे अपेक्षित आहे.