घडीचे चाकू : कारखानी उत्पादनाची गुणवत्ता-तपासणी

पाते मुठीत मिटवता येणारा, कारखान्यात लॉटने तयार होणारा चाकू कोणत्या कसोट्यांना उतरावा आणि घेणाऱ्याने त्याच्याकडून किती नेमकेपणा मागावा, यासंबंधीचे संकेत. एका कारागिराने घडवलेल्या चाकूत प्रत्येक भाग शेजारच्या भागाला जुळेपर्यंत घासलेला असतो. कारखान्यात मात्र पेटीतले कोणतेही पाते कोणत्याही मुठीत बसले पाहिजे, म्हणून प्रत्येक मापाला थोडी सूट, म्हणजे टॉलरन्स, द्यावीच लागते. बहुतेक तक्रारींचे मूळ या सुटीत सापडते.

पाते एका पिव्हटभोवती, म्हणजे आसाच्या स्क्रूभोवती, फिरते आणि दोन्ही बाजूंच्या वॉशरांवर (चपट्या कड्यांवर) किंवा बॉल बेअरिंगवर टेकते. वॉशर १० मिमी व्यासाचा आणि तिथली मोकळीक ०.०२ मिमी धरली, तरी ८० मिमी अंतरावरचे टोक सुमारे ०.१६ मिमी हलते. पिव्हटजवळची फट डोळ्याला दिसत नाही, टोकाची हालचाल बोटांना लगेच कळते. घडीच्या चाकूत बारीक चूक लपत नाही ती यामुळे.

कारखाने दोषांचे साधारण तीन वर्ग करतात : धोकादायक, मोठे आणि किरकोळ. मोठ्या लॉटमधला प्रत्येक नग सविस्तर तपासणे परवडत नसेल तर नमुना काढतात. त्यासाठी आयएसओ २८५९-१ हे मानक सर्वत्र वापरले जाते. ग्राहकोपयोगी मालात मोठ्या दोषांसाठी २.५ आणि किरकोळ दोषांसाठी ४.० ही स्वीकार-पातळी (शंभर नगांमागे चालवून घेतलेल्या सदोष नगांचे प्रमाण) रूढ आहे. धोकादायक दोष एकही चालत नाही. २,००० चाकूंच्या लॉटमधून नेहमीच्या तपासणीत १२५ नग काढतात. त्यांत मोठ्या दोषाचे ७ सापडले तरी लॉट पास होतो, आठव्याला नापास. म्हणजे नियम काटेकोर पाळूनही काही सदोष नग पेटीत बसून बाहेर पडतात. हाती आलेल्या एका वाईट नगावरून कारखान्याची परीक्षा करणे चूक ठरते. पण तो नग बदलून मिळाला नाही, तर ती परीक्षा खुशाल करावी.

लॉक. तपासणीत सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. उघडलेले पाते बोटांवर मिटू नये एवढेच लॉकचे काम, आणि त्यात किमतीनुसार सवलत नाही. महाग चाकूत पोलाद, फिनिश आणि जुळणी सरस मिळते. लॉक मात्र स्वस्त चाकूचाही धरलाच पाहिजे.

अमेरिकी चाकू-कारागीर मायकेल वॉकर यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आजच्या रूपात आणलेल्या लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली धातूची पट्टी, म्हणजे लायनर, पात्याच्या मुळामागे सरकून उभी राहते. फ्रेम लॉकमध्ये हेच काम मुठीचीच एक बाजू करते. नव्या चाकूत ही पट्टी पात्याच्या मुळाच्या जाडीच्या पाव ते निम्म्या भागापर्यंत पोचलेली असावी. नुसती कडेला टेकली असेल तर दाबाने निसटण्याची भीती. पार पलीकडे गेली असेल तर झीज सामावायला जागाच उरत नाही, कारण वापराने ती आणखी आत सरकत जाते. टायटॅनियमची पट्टी पोलादाला चिकटते आणि लॉक सोडताना अंगठ्याला जोर लागतो. अनेक जण त्या जागी पेन्सिलीचे शिसे फिरवतात. हा इलाज खरोखर चालतो, पण नव्या कोऱ्या चाकूला तो लागावा हे काही भूषण नव्हे. पट्टीच्या टोकाला पोलादी तुकडा बसवणे हा पक्का उपाय.

उघड्या पात्यात दोन प्रकारची हालचाल सापडते. आडवी हालचाल पिव्हटचा स्क्रू थोडा आवळून बहुधा जाते, म्हणून ती किरकोळ. वरखाली होणारी हालचाल लॉक किंवा थांबपिन (उघडलेले पाते जिथे अडते ती पिन) नीट न बसल्याची खूण. ती स्क्रूने जात नाही आणि असा नग परत करावा. पात्याची पाठ टेबलावर जोरात आपटून लॉक तपासण्याची पद्धत प्रसिद्ध आहे, पण झटक्याने धड लॉकही क्षणभर उडू शकते. पात्याच्या वाटेत बोटे न ठेवता पाठीवर सावकाश वाढता दाब देणे जास्त सांगून जाते.

मिटलेल्या स्थितीचीही परीक्षा असते. पुष्कळ चाकूंत पट्टीवरची एक बारीक गोळी पात्याच्या मुळातल्या खळग्यात बसून ते मिटलेले ठेवते. चाकू उलटा धरून हलवला आणि पाते बाहेर डोकावले, तर तो खिशात उघडेल. हा धोकादायक वर्गातला दोष आहे. चर्चा मात्र त्याची फारशी होत नाही.

चर्चा होते ती मिटलेले पाते मुठीच्या बरोबर मध्ये आहे की नाही याची. हे दिसायला सर्वांत सोपे, म्हणून सर्वांत जास्त पाहिले जाते. पाते एका बाजूला झुकले पण लायनरला घासत नसेल, तर त्याने कापण्यात काहीच फरक पडत नाही. घासत असेल तर गोष्ट वेगळी.

धार आणि पाणी. दोन्ही बाजूंच्या धारेचे कोन सारखे असावेत (बाजूला साधारण १५ ते २० अंश), टोकाशी धार एकदम रुंद होऊ नये आणि कडेवर उलटलेला धातूचा पापुद्रा राहू नये. पाते मिटताना धार आतल्या पिनेवर किंवा पाठपट्टीवर आपटत असेल, तर एका ठरावीक जागी ती पुन्हा पुन्हा बोथट होते.

पोलादाला दिलेले पाणी, म्हणजे तापवून थंड करून आणलेली कठीणता, मात्र घेणाऱ्याला दिसत नाही. रॉकवेल सी पद्धतीत हिऱ्याचा शंकू १५० किलो भाराने दाबून खोली मोजतात. आजच्या बऱ्याच पात्यांत ती कठीणता ५८ ते ६२ असते, तर व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या खिशातल्या चाकूंत ५६च्या आसपास, मुद्दाम; असे पाते ठिसूळ कमी आणि घासायला सोपे. तेव्हा कमी आकडा म्हणजे दोष असे नाही, जाहीर केल्यापेक्षा कमी निघाला तर दोष. यंत्राच्या कोरड्या घासपट्ट्यावर धार लावताना कडा तापून नरम पडल्याने नवा चाकू लवकर बोथट होतो आणि दोन-तीनदा घासल्यावर सुधारतो, हेही बऱ्याचदा आढळते.

लॉक नसलेल्या, पाठच्या स्प्रिंगवर चालणाऱ्या जुन्या धर्तीच्या चाकूंची कसोटी वेगळी. ते उजेडासमोर धरून स्प्रिंग आणि लायनर यांत फट दिसते का ते पाहतात, आणि पाते उघडे, अर्धे व मिटलेले असताना स्प्रिंग पाठीशी सपाट राहते का हे बोट फिरवून पाहतात. हाडाच्या किंवा शिंगाच्या पट्ट्यांत रंग सारखा नसणे हा दोष धरत नाहीत.

लाकडाने तर व्याख्याच बदलते. १८९०पासून बनणाऱ्या ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या चाकूत पाते थेट लाकडी मुठीच्या खाचेत बसते. दमट हवेत लाकूड फुगले की ते बोटांनी उघडत नाही. मग मुठीचा मागचा भाग टणक जागी ठोकून पाते बाहेर काढतात. याच चाकूला १९५५मध्ये फिरत्या कड्याचे लॉक मिळाले. टायटॅनियमच्या मुठीत पाते इतके जड उघडले असते तर तो नग त्याच दिवशी परत गेला असता.

परत पाठवायचा चाकू आधी खोलू नये. काही उत्पादक मूठ उघडलेल्या नगाची हमी नाकारतात, आणि बारीक टॉर्क्स (चांदणीच्या आकाराची खाच असलेल्या) स्क्रूंच्या खाचा चुकीच्या पान्याने गोल झाल्या की दोष कोणाचा हे ठरवणे अवघड जाते.