वजन वाढलं, पण हाकेला वळतं का?

मी आधी उपकेंद्रावर नर्स होते, आता मुलांच्या शिकण्यावर संशोधन करते. दोन्हीकडे एक वाक्य हमखास कानावर येतं: "बाळाची वाढ छान आहे हो." ऐकणाऱ्या आईला वाटतं, म्हणजे सगळंच छान आहे. पण वाढ वेगळी आणि विकास वेगळा. या दोन्हींची गल्लत केली की एखाद्या लेकराची मोलाची वर्षं हातची जातात.

वाढ मोजता येते. वजनकाटा, उंचीची पट्टी आणि दंडाला गुंडाळायची रंगीत फीत एवढं पुरतं. जन्मतः तीन किलोचं बाळ पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट आणि वर्षाचं होईपर्यंत साधारण तिप्पट होतं. सहा महिने ते पाच वर्षं या वयात दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला, तर मूल तीव्र कुपोषित धरतात.

विकास म्हणजे बाळ काय काय करू लागलं. मान धरली का, पालथं पडतं का, आधाराशिवाय बसतं का. चिमटीत चुरमुरा उचलतं का, आईचा चेहरा बघून हसतं का, परकं माणूस दिसलं की बिचकतं का. याला काटा नाही. बाळाशी खेळावं लागतं, आईला नीट विचारावं लागतं, आणि लसीकरणाच्या दिवशी बाहेर रांग लागलेली असताना नेमकं तेच राहून जातं.

माझ्या हातून ते राहिलं. दहा महिन्यांचा एक मुलगा, वजन साडेआठ किलो, तक्त्यावर हिरव्या पट्ट्यात. मी आईला शाबासकी दिली आणि पुढचं बाळ घेतलं. खुळखुळा टेबलावरच होता, तो त्याच्या कानामागे वाजवून बघायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. तो अडीच वर्षांचा झाला तेव्हा अंगणवाडी सेविकेच्या लक्षात आलं, की ताट दिसलं तरच तो येतो, हाक मारली तर येत नाही. घरात आजी म्हणायची, "त्याचा बापही उशिराच बोलला." तपासणीत कळलं, दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. ऐकू न येणारं बाळही सुरुवातीला हुंकार देतं, खळखळून हसतं. त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही, म्हणूनच ती आपण घ्यायची असते.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात व्यंग, पोषणाची कमतरता आणि आजार यांच्याबरोबर विकासातला विलंब हा चौथा मुद्दा स्वतंत्र धरला आहे, तो याचसाठी.

अर्थात दोन्हींचं नातं घट्ट आहे. फार काळ पोटाला कमी मिळालेलं मूल बुटकं राहतं आणि शिकण्यातही मागे पडतं. मग पोटभर खायला दिलं की भागतं का? जमैकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात किंग्स्टनमधल्या १२९ खुरटलेल्या मुलांवर हेच तपासलं. काहींना दोन वर्षं पूरक आहार दिला. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जायची आणि घरच्या घरी बनवलेल्या खेळण्यांनी बाळाशी कसं खेळावं हे आईला दाखवायची. काहींना दोन्ही मिळालं, काहींना यातलं काहीच नाही. सुरुवातीला आहाराचाही फायदा दिसला, पण मोठेपणापर्यंत टिकला तो खेळाचा. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई खेळ न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त भरली. मी नर्सिंग सोडून शिक्षणाकडे वळले त्यामागे हा अभ्यास आहे. शाळेची तयारी पहिलीच्या वर्गात नाही, त्या तासाभरात होत होती.

माता व बाल संरक्षण कार्डावर वजनाच्या आलेखाबरोबरच बाळानं कुठल्या महिन्यात काय करावं याची चित्रंही आहेत. पुढच्या लसीला जाल तेव्हा वजन लिहून झालं की ते पान सिस्टरांपुढे उघडून ठेवा. आणि आज घरी, बाळाला तुम्ही दिसणार नाही असं मागे उभं राहून एकदा हाक मारून बघा.