जंतू एकच, आजार दोन

फिक्कट चट्टा घेऊन नागपुरातल्या कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, कुष्ठरोग तर नाही ना हे पाहायला डॉक्टर आधी डोळे मिटायला लावतात. कापसाचं टोक चट्ट्यावर टेकवतात आणि म्हणतात, "कुठं लागलं, बोट ठेवा." बोट चुकलं की त्यांचा हात तुमच्या कोपरामागे जातो, तिथली नस, म्हणजे मज्जातंतू, जाड झाली आहे का ते चाचपायला.

दत्तपूर आणि आनंदवन ही कुष्ठधामं ज्या विदर्भात आहेत, तिथं कुष्ठरोग काय हे कुणाला सांगावं लागत नाही. पण एकाच जंतूमुळे एकाच्या अंगावर दोन-चार सुन्न चट्टे उठतात नि दुसऱ्याच्या चेहऱ्याभर, कानांवर गाठी येतात, असं का? याचं बरंचसं उत्तर रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींकडे, मदतनीस टी पेशींकडे आहे.

या पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत परिपक्व होतात. त्या स्वतः सहसा कुणाला मारत नाहीत. कुणी कसं लढायचं ते ठरवतात. त्यांचे दोन प्रकार 1986 मध्ये मोसमन आणि कॉफमन यांनी उंदरांच्या पेशींत दाखवले. पहिला प्रकार इंटरफेरॉन गॅमा हे रसायन सोडून जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींना चेतवतो. दुसऱ्याचा कल अँटिबॉडी बनवून घेण्याकडे. कुष्ठरोगाचा जंतू तर भक्षक पेशींच्या आतच ठाण मांडतो, आणि अँटिबॉडी पेशीत शिरत नाही. म्हणून पहिल्या प्रकाराचा जोर असेल, तर आजार चट्ट्यांपुरता राहतो. दुसऱ्याचा असेल, तर रक्तात अँटिबॉडी भरपूर, तरी जंतू बेसुमार वाढतात. अँटिबॉडी जास्त म्हणजे प्रतिकारशक्ती चांगली, हा आपला लाडका समज इथं साफ आपटतो.

जोरकस प्रतिकारही फुकट मिळत नाही. जंतू नसांच्या आवरणातही असतात, त्यामुळे मारामारीत नसच सुजते. कधी गोळ्या चालू असतानाच चट्टे लाल होतात, हात लुळा पडू लागतो. घाबरून गोळ्या बंद करणारे बरेच. खरं तर गोळ्या चालू ठेवून वर स्टेरॉइड घ्यायचं असतं, आणि तेही लवकर.

एचआयव्ही नेमका या मदतनीस टी पेशींतच शिरतो. त्यांच्यावरचा सीडी4 हा रेणू त्याचं दार. निरोगी माणसाच्या घनमिलीमीटरभर रक्तात त्या साधारण 500 ते 1500 असतात. एचआयव्हीबाधितात 200च्या खाली गेल्या की त्याला एड्स म्हणतात. औषधांनी ही संख्या पुन्हा वाढू लागते, तेव्हा काही रुग्णांच्या अंगावर कुष्ठरोगाचे चट्टे पहिल्यांदाच उमटतात. जंतू आत आधीपासून होता, त्याच्याशी भांडणाऱ्या पेशी आत्ता परतलेल्या असतात.