गॅलरीत म्हातारा होणारा फोर्क

सायकलच्या पुढच्या फोर्कच्या तळाचा बोल्ट थोडा सैल करून त्यावर रबरी हातोडीने दोन टोले दिले आणि खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर जे सांडलं, ते तेल आहे हे पटायला मला थोडा वेळ लागला. रंग थेट टपरीवरच्या कटिंगचा. कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, दर ५० तास चालवल्यावर हे तेल बदला. माझ्या वहीत दीड वर्षात जेमतेम ३० तास भरत होते. उरलेला सगळा काळ ही माउंटन बाइक बोरिवलीच्या आमच्या पश्चिमेकडच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांखाली उभी होती.

म्हणजे ती चालवून म्हातारी झाली नव्हती, उभ्या उभ्या झाली होती.

माउंटन बाइकचा पुढचा सस्पेन्शन फोर्क म्हणजे साध्या सायकलच्या चिमट्याचंच पुढचं रूप. फरक असा, की याच्या दोन्ही पायांत नळीत नळी सरकते. वरच्या चकचकीत नळ्या म्हणजे स्टँशन. त्या ज्या ओतीव पायांत शिरतात, ते लोअर. बहुतेक फोर्कमध्ये डाव्या पायात दाबलेली हवा असते, ती स्प्रिंगचं काम करते. उजव्या पायात तेलाचा डँपर असतो. स्प्रिंग खड्ड्याचा दणका गिळते खरी, पण गिळलेलं लगेच परत ओकते. नुसत्या स्प्रिंगवर सायकल चेंडूसारखी उडत राहील. ऑफिसच्या दाराला वर क्लोजर बसवलेला असतो, तो आठवा. दार ओढून घेते ती आतली स्प्रिंग, पण ते धाडकन न आपटता हलकेच मिटतं ते बारीक भोकातून नाइलाजाने वाहणाऱ्या तेलामुळे. क्लोजर गळला की सगळ्या मजल्याला दाराचा आवाज ऐकू येतो. डँपर हेच करतो. दणक्याची ऊर्जा तो तेलाच्या घर्षणात खर्ची घालतो आणि तिची उष्णता होते.

कल्पना मोटरसायकलकडून आली. मोटोक्रॉसच्या जगातून आलेले पॉल टर्नर यांच्या रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-१ हा फोर्क १९८९ साली अमेरिकेत विक्रीला आला. त्याची हालचाल पाच सेंटिमीटरांच्या आसपास होती. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला माउंटन बाइकिंगची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तिथे उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्ड यांनी याच फोर्कवर जिंकली. आज उताराच्या सायकलींचे फोर्क २०० मिलिमीटरपर्यंत दबतात.

माझ्या वर्तमानपत्रावर सांडलेलं तेल मात्र डँपरमधलं नव्हतं. ते वेगळं, लोअरच्या तळाशी नुसतं साठवलेलं, प्रत्येक पायात साधारण पोह्याच्या एक-दोन चमच्यांइतकं. त्याचं काम एकच, आतल्या बुशांना, म्हणजे नळी ज्यांत सरकते त्या कड्यांना, आणि वरच्या रबरी सीलना वंगण देणं. एवढ्याशा तेलावर केवढा भार पडतो, याचा मी एकदा ढोबळ हिशोब मांडला. खडबडीत वाटेवर चाक सेकंदाला दोनदा हलतं असं धरा आणि प्रत्येक वेळी नळी २० मिलिमीटर आत, २० बाहेर जाते असं धरा. ५० तासांत ३ लाख ६० हजार फेऱ्या होतात. नळी बुशवर घासत जाते ते अंतर भरतं १४ किलोमीटरांच्या वर. चर्चगेटपासून जवळजवळ वांद्र्यापर्यंत दोन नळ्या घासत न्यायच्या, आणि सोबत दोन-चार चमचे तेल.

झीज किती होईल याचा एक साधा नियम आहे, जे. एफ. आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये मांडलेला. झिजून गेलेला माल हा भार आणि घासलेलं अंतर यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढतो, पृष्ठभागाच्या कठीणपणाच्या प्रमाणात घटतो. भार आणि अंतर यांना फारसा इलाज नाही. फोर्क सरळ उभा नसून पुढे कललेला असतो, त्यामुळे जमिनीचा धक्का त्याला नुसता दाबत नाही, वाकवायलाही बघतो. ब्रेक दाबला की ओढ उलट्या दिशेला. म्हणून बुश सगळीकडून सारखे न झिजता पुढून आणि मागून जास्त झिजतात. बुशना आतून टेफ्लॉनचा पातळ थर असतो, नॉनस्टिक तव्यासारखा, आणि तव्यासारखाच तो एकदा गेला की गेला.

राहिला कठीणपणा. इथे मला बरीच वर्षं एक कोडं पडलेलं होतं. स्टँशन ॲल्युमिनियमचे असतात, पण त्यांच्यावर ॲनोडायझिंग करून ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर वाढवलेला असतो, मिलिमीटरच्या दशांशांत नव्हे, शंभराव्या हिश्शांत मोजावा असा, केसापेक्षा पातळ. रसायन तेच, जे कुरुंदाचं आणि माणकाचं. हा थर सच्छिद्र असल्याने कुरुंदाइतका कठीण नसतो, तरीही बराच कठीण. त्याला घासणारं सील साधं रबर. मग झिजायला हवं रबर, नळी कशी झिजते?

उत्तर मिळालं ते वर्कशॉपमधल्या लॅपिंगच्या कामात. कठीण पोलाद आरशासारखं घासायचं असेल तर कारागीर त्याच्यावर त्याहून मऊ, ओतीव लोखंडाची किंवा तांब्याची पाटी वापरतात आणि मध्ये कुरुंदाची पूड सोडतात. पुडीचे कण मऊ पाटीत रुततात, तिथे घट्ट बसतात आणि समोरच्या कठीण धातूला कापत राहतात. मऊ पाटी त्या मानाने कमी झिजते. फोर्कच्या सीलमध्ये नेमकं हेच घडतं. ठाण्याजवळच्या येऊरच्या वाटेवरची धूळ, आपल्या काळ्या पाषाणाचा चुरा, बांधकामावरची वाळू सीलच्या ओठात रुतते आणि ते रबर म्हणजे पॉलिश पेपरची गोल पट्टी होते. धुळीच्या कणांचे कोपरे त्या पातळ थराला ओरखडतात. थराखाली मऊ ॲल्युमिनियम असल्याने, अंड्याच्या कवचासारखा, तो जागेवर खचतोही. फेरफटक्यानंतर नळीवर जे काळं कडं दिसतं, ते याच लॅपिंगचं मिश्रण. कोरड्या स्वच्छ कापडाने ते पुसायला अर्धा मिनिट लागतो. यातून वाचणारा पैसा बघता सायकलच्या देखभालीत याहून फायद्याचं काम मला ठाऊक नाही.

आता गॅलरीकडे येऊ.

माझ्या तीसपैकी निम्मे तास जून-जुलैतले होते. पावसात नळीवर पाण्याचा पातळ पडदा राहतो आणि प्रत्येक फेरीला त्यातलं थोडं सीलखालून आत जातं. सील घासलेलं असेल तर जास्त. चालवताना ते तेलात घुसळलं जातं आणि ताकासारखं मिसळतं. उघडण्याच्या आदल्याच रविवारी मी येऊरला जाऊन आलो होतो, तिथेच ते ताक शेवटचं घुसळलं गेलं असणार. आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायची वाट नाही. तेल एकदा पाण्यात फाटलं की नळी आणि बुश यांच्यामधला पदर तुटतो, आणि आतल्या पोलादी भागांना गंज धरतो.

पण मुंबईचा खरा वार बाहेरून असतो. पावसाळ्यात मीठदाणीतलं मीठ पाझरतं, म्हणून आपण त्यात तांदळाचे दाणे टाकतो. शुद्ध मीठसुद्धा हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळतं. मुंबईत जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. खाडीवरून, समुद्रावरून आलेले मिठाचे अदृश्य कण सायकलीवर बसतात आणि पाऊस न लागताही ओले होतात. बऱ्याच फोर्कचे लोअर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असतात, कारण तो हलका. आणि रोजच्या वापरातल्या धातूंत इलेक्ट्रॉन द्यायला सगळ्यात उतावीळ धातूही तोच. घरच्या साठवणीच्या गीझरमध्ये म्हणूनच मॅग्नेशियमची एक कांडी मुद्दाम टांगलेली असते. ती स्वतः झिजते आणि पोलादी टाकी वाचवते. फोर्कमध्ये तळाचा बोल्ट पोलादी, पाय मॅग्नेशियमचा, मध्ये खारट दमट थर. बॅटरी तयार. फरक एवढाच, की इथे बळी जाणारी कांडी म्हणजे तुमचा फोर्क. दगड लागून रंग उडालेल्या जागी पांढरी भुकटी दिसू लागली की ही बॅटरी सुरू झाली असं समजावं. ती जागा घासून, पुसून, वर साधा रंग लावला तरी चालतं, रंग जुळला नाही म्हणून बिघडत नाही.

म्हणून माझं मत असं, की मुंबईत फोर्कची सर्व्हिस मीटरवर किंवा तासांवर न ठेवता पंचांगावर ठेवावी. रॉकशॉक्सची पुस्तिका खालच्या पायांच्या सर्व्हिसला ५० तास आणि डँपरसकट पूर्ण उघडायला २०० तास सांगते, काही कंपन्या १२५ तास किंवा वर्ष, जे आधी येईल ते. तासांचे हे आकडे जिथे लोक रोज डोंगर चढतात त्यांच्यासाठी ठीक. आपल्याकडे गणपतीनंतर, पाऊस ओसरला की खालचं तेल बदलायचं, तास कितीही होवोत.

फोर्क बिघडतोय हे कळत मात्र नाही. चष्म्याचा नंबर वाढतो तसं ते हळूहळू होतं आणि हातांना सवय होत जाते. सुरुवात होते घर्षणापासून. पावसाळ्यात फुगलेला लाकडी ड्रॉवर ओढताना जे होतं तेच इथे होतं. आधी हलत नाही, जोर लावला की एकदम झटक्यात येतो. थांबलेल्या वस्तूचं घर्षण सरकत्या वस्तूपेक्षा जास्त असतं. वंगण गेलेला फोर्क बारीक खड्डे गिळतच नाही, ते थेट मनगटात जातात, आणि मोठ्या खड्ड्याला अचानक खाली बसतो. मी माझ्या दुखऱ्या मनगटांचा दोष सहा महिने की-बोर्डवर टाकत होतो.

एक चाचणी घरी करता येते. पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल हँडलने पुढे-मागे हलवा आणि दुसऱ्या हाताची बोटं सीलपाशी, नळी लोअरमध्ये शिरते तिथे ठेवा. टक्-टक् तिथे जाणवलं तर बुश गेले. हँडलच्या मुळाशी जाणवलं तर तो हेडसेटचा, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचा ढिलेपणा, आणि तो निव्वळ बोल्ट आवळून जातो. दोन्हीत गल्लत होऊन लोकांनी उगाच फोर्क बदललेले मी पाहिले आहेत. डाव्या पायावरून तेलाचा ओघळ खाली येत असेल तर सील आणि ब्रेक दोन्हीकडे बघा, कारण ब्रेकची डिस्क तिथेच असते आणि तेल लागलेले पॅड पुन्हा धड धरत नाहीत.

हवेच्या दाबाचा एक गमतीचा घोटाळा सांगतो. पंप लावला की पंपाच्या नळीत थोडी हवा शिरते आणि काटा खाली पडलेला दिसतो. लोक म्हणतात, गळतोय. गळत नसतो, मोजण्यातच ती हवा खर्च होते. आणि व्हॉल्व्ह मोटारीच्या टायरसारखाच दिसला तरी पेट्रोल पंपाच्या हवेकडे नेऊ नका. आतला कप्पा एवढा लहान असतो, की तिथल्या एका फुसकाऱ्यात दाब कुठल्या कुठे जातो.

स्वस्त सायकलींवर जो फोर्क येतो, त्यात बहुधा नुसती पोलादी स्प्रिंग असते, डँपर नाहीच. त्याच्यावर वेळ घालवू नये. शहरात फिरायचं असेल तर त्याऐवजी साधा घट्ट चिमटा बरा, वजनही वाचतं.

रस्त्यावरच्या एका मेकॅनिकने पूर्वी माझ्या सीलवर शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं, रॉकेलने पुसून मग. फोर्क आठवडाभर लोण्यासारखा चालला. रॉकेल सीलखालच्या फोमच्या कड्यांतलं मुरलेलं तेल धुऊन नेतं आणि ओठातला कचरा आत ढकलतं, हे मला नंतर कळलं. गंज सोडवायच्या स्प्रेचंही तसंच.

खरं काम दीड तासाचं आहे. हवा काढायची, तळाचे बोल्ट सोडायचे, लोअर खेचून काढायचे, सगळं पुसायचं, फोमची कडी तेलात भिजवून परत बसवायची, पुस्तिकेत सांगितलेलं तेल तेवढंच मोजून घालायचं. हवा आधी काढायला विसरलात तर नळी अंगावर येते, हे लक्षात ठेवा. फोर्कची सील मिळाली नाहीत तर नागदेवी स्ट्रीटवर मापाचं ऑइल सील शोधायचा मोह होईल, पण ओठाची रचना वेगळी असते, तो टाळावा.

परवा फोर्क जोडून झाल्यावर मी सायकल गॅलरीतल्या हुकाला पुढचं चाक वर करून टांगली. अशा वेळी फोर्क जवळजवळ आडवा होतो, आणि चाकाकडचं टोक किंचित वर राहतं, त्यामुळे तळाचं ताजं तेल हळूहळू सीलकडे येऊन फोममध्ये मुरतं. उजव्या नळीवर मात्र एक बारीक चरा राहिला आहे, नखाला अडतो इतका. तो थर परत चढवता येत नाही. बायकोची पारदर्शक नेलपॉलिश त्यात भरली, वाळल्यावर अगदी बारीक पॉलिश पेपरने समतल केली. आता नख अडत नाही.