कर्ज-निसर्ग विनिमय, सेशेल्स

बेटांवरील प्रवाळखडक, कांदळवने आणि समुद्री गवताची कुरणे राखण्यासाठी दरवर्षी खात्रीने पैसा मिळावा, म्हणून हिंदी महासागरातील सेशेल्सने परकीय कर्जाचे हप्ते संवर्धनाकडे वळवण्याची केलेली व्यवस्था. या ११५ बेटांच्या देशाची जमीन सुमारे ४५५ चौ. किमी. आहे, तर अनन्य आर्थिक क्षेत्र (ज्या समुद्रातील संपत्तीवर देशाचाच हक्क असतो ते) सुमारे १३.७ लाख चौ. किमी. लोकसंख्या लाखाच्या आसपास. सरकारी उत्पन्न पर्यटन आणि ट्यूना मासेमारीवर अवलंबून असल्यामुळे मंदीत समुद्रराखणीची तरतूद सहज कापली जाऊ शकते.

२००८ मध्ये देशाने परकीय कर्ज थकवले. २००९ मध्ये पॅरिस क्लबने (धनको देशांच्या गटाने) कर्जाची फेररचना केली. त्यातील २.१६ कोटी डॉलरचे कर्ज पुढे ‘द नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या अमेरिकी निसर्गसंवर्धन संस्थेच्या पुढाकाराने २.०२ कोटींना विकत घेतले गेले. यातले १.५२ कोटी उसने होते आणि ५० लाख देणगीचे. सूट जेमतेम १४ लाखांची. कर्जमाफी म्हणून या व्यवहाराचे कौतुक होते ते अस्थानी आहे. फायदा झाला तो वेगळाच. परतफेडीची मुदत लांबली, काही भाग स्थानिक रुपयात फेडता येऊ लागला आणि हप्ते युरोपातील धनकोंऐवजी २०१५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या ‘सेकॅट’ या विश्वस्त निधीकडे जाऊ लागले. निधी या हप्त्यांतून उसने भांडवल फेडतो, दरवर्षी अनुदाने देतो आणि उरलेले कायम निधीत (ज्याचे मुद्दल न मोडता फक्त परतावा वापरायचा, अशा ठेवीत) गुंतवतो. त्याच्या मंडळात बिगरसरकारी सदस्यांचे बहुमत आहे, त्यामुळे एखाद्या खात्याला तूट भरून काढायला हा पैसा परस्पर उचलता येत नाही.

मोबदल्यात सरकारने ३० टक्के समुद्र संरक्षित करण्याचे वचन दिले. मार्च २०२० मध्ये ते पूर्ण झाले: १३ टक्क्यांवर कडक निर्बंध, १७ टक्क्यांवर नियंत्रित वापर. अल्दाब्राचे कंकणद्वीप (कड्याच्या आकाराचे प्रवाळबेट) कडक निर्बंधांच्या पट्ट्यात येते.

ऑक्टोबर २०१८ मध्ये १.५ कोटी डॉलरचे दहा वर्षांचे ‘नील रोखे’, म्हणजे समुद्राशी निगडित कामांसाठी पैसा उभारणारे सरकारी कर्जरोखे, काढले गेले. व्याज ६.५ टक्के, म्हणजे वर्षाला ९.७५ लाख डॉलर. जागतिक पर्यावरण सुविधा (जीईएफ) या आंतरराष्ट्रीय निधीच्या ५० लाखांच्या सवलतीच्या कर्जातून व्याजाचा काही भाग भरला जातो, त्यामुळे सरकारवरचा प्रत्यक्ष भार २.८ टक्क्यांवर येतो. जागतिक बँकेने ५० लाखांची, म्हणजे एक-तृतीयांश मुद्दलाची हमी दिली. जमलेल्या पैशातील ३० लाख सेकॅटला अनुदानांसाठी आणि १.२ कोटी सेशेल्स विकास बँकेला मत्स्यव्यवसायातील कर्जांसाठी दिले गेले. हे कर्जवाटप रेंगाळले. मासेमारीचा ताण न वाढवता परतफेड करू शकेल असा धंदा लहान बेटांवर शोधावा लागतो, आणि तसे अर्जदार मोजकेच असतात.

खरी अडचण गस्तीची आहे. सुमारे चार लाख चौ. किमी. संरक्षित क्षेत्रावर नजर ठेवायला जहाजे, इंधन आणि उपग्रह-माहिती लागते. अनुदानांच्या रकमेत ते बसत नाही. २०२० मध्ये पर्यटन थांबले आणि रुपया घसरला. रुपयातल्या अनुदानाने स्थानिक पगार भागले, पण बोटींची इंजिने आणि मोजणीची उपकरणे आयात करावी लागतात, ती महागली. रोख्यांची देणी डॉलरमध्येच आहेत. मुद्दल २०२६ ते २०२८ या वर्षांत ५० लाखांच्या तीन हप्त्यांत फेडायचे आहे. रोख्यांतून आलेले अनुदानाचे ३० लाख एकदाच मिळणारे आहेत. ते संपल्यावर कर्जविनिमयाचे हप्ते सुरू असतात. तेही फिटले की उरतो तो फक्त कायम निधीचा परतावा.